दोन वाजेपर्यंत

बेलपाडा, २ मार्च १९९६

किशोरी,

हे पत्र सुनीबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही. त्यामुळे पाकीट न फोडता ठेवून देऊ नकोस. अकरावीत तू तिला फिजिक्स-बायो शिकवलंस, आता तिची बारावी सुरू झाली. ती तुला स्वतः लिहिणार नाही, कारण आमच्या घरात सध्या अभ्यासाचा सोडून दुसरा कागद तिच्या हातात दिसला तर आई तो चुलीत घालते. म्हणून मी लिहितो. मागच्या चार पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस त्याचा मी राग धरलेला नाही. धरला होता, आता नाही.

काल इंग्रजी झालं. बरं गेलं म्हणते.

तू आमच्या घरी आली होतीस तेव्हाचं घर आठव आणि त्यातून आवाज काढून टाक, म्हणजे आत्ताचं घर होईल. वर्ल्ड कप चालू आहे आणि बापसाने टीव्हीला जुन्या जाळ्यात गुंडाळून माळ्यावर टाकलाय. आई मासळी घेऊन बाजारात जाते, पण परत आल्यावर टोपली पडवीत ठेवते, वासाने पोरीचं लक्ष जाईल म्हणून. जन्मभर त्याच वासात वाढलेली पोरगी. सुनीला मोरलीवर मासळी चिरायला बसायची बंदी आहे, बोट कापलं तर पेन कसं धरणार? परवा ती स्वतःचं ताट उचलायला गेली तर बापूस म्हणाला, "ठेव. तुझं काम ते नाय."

बापसाला वाचता येत नाही. तरी भिंतीवरचं वेळापत्रक त्याने सुनीकडून रोज सकाळी मोठ्याने वाचून घेऊन पाठ केलंय. आता तोच म्हणतो आणि ती मान हलवते. बारा तारखेला फिजिक्स, पंधराला केमिस्ट्री, अठराला गणित, बावीसला बायो. देवाचं नाव घ्यावं तसं म्हणतो. काल तो तिच्याबरोबर बसने पनवेलला गेला आणि सेंटरसमोरच्या झाडाखाली तीन तास बसला. तिथे शहरातले आईबाप मोसंबीचा रस, ग्लुकोज घेऊन उभे होते. याने एकाला विचारलं, "साहेब, आत पोरांना पानी देतात ना?" ती बाहेर येईपर्यंत स्वतः पाण्याचा घोट घेतला नाही. हे मला सुनीने सांगितलं. मी कॉलेज सोडल्यापासून बापूस माझ्याशी बोलत नाही, तुला माहीत आहे.

माझ्या बारावीत केमिस्ट्रीच्या आदल्या दिवशी त्याने मला खाडीत डोलजाळं ओढायला नेलं होतं. पण ते असो.

प्रदीप


बेलपाडा, ७ मार्च

किशोरी,

होळी झाली. आमच्याकडची होळी तुला मी वेगळी सांगायला नको, ढोल आठ दिवस थांबत नाही. यंदा आमच्या आळीत एकदाही वाजला नाही. बापूस बादलीभर चिंबोऱ्या घेऊन मंडळाच्या पोरांकडे गेला होता. मी तिथेच कट्ट्यावर बसलो होतो. माझ्याकडे न बघता मंडळाच्या सुभाषला म्हणाला, "बाला, यवढी बारावी व्हऊ दे. आमच्या आळीत लाउडस्पीकर नको."

सुभाष म्हणाला, "बुधाजीशेट, पोरगी डाक्टर झाली का आमाला फुकट तपासेल ना?"

"तुला पयला तपासेल. डोक्यापासून."

पोरं हसली. चिंबोऱ्या ठेवून घेतल्या. आणि खरंच ढोल वाजला नाही. होळीभोवती फेर धरताना बायकांनीसुद्धा गाणी बारीक आवाजात म्हटली. माझ्या बापाने कुणापुढे हात जोडलेले मी तोवर पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले आणि का कोण जाणे, मला त्याचा रागच आला.

तुला आमचा गोमाकाका आठवतो का? तुला काकड्या द्यायचा तो. जानेवारीत हायवे ओलांडताना गेला. ट्रकवाला थांबलासुद्धा नाही. वर्षभरातला हा तिसरा माणूस. गावाने अर्ज दिले, साहेब येऊन बघून गेले, सिग्नल नाही, पूल नाही, काही नाही. आता पोरांनी ठरवलंय की रस्त्यावर बसायचं. दिवस कधीचा धरायचा यावर वाद झाला. एक म्हणाला शनिवारी, तर सगळे त्याच्या अंगावर गेले, शनिवारी पाकिस्तानची मॅच आहे. शेवटी अष्टमी ठरली. अष्टमीच्या आसपास खाडीच्या पाण्याला जोर नसतो, भरती अर्धवटच चढते, त्याला आमच्याकडे भांग म्हणतात. भांगाला जाळ्यात काही येत नाही, होड्या किनाऱ्याला पडून असतात, म्हणून सगळे बाप्ये घरी सापडतात. ज्याने सुचवलं त्याचं डोकं बरं चालतं असं सगळे म्हणाले.

मी मारामारी करणार नाही. तुला शब्द दिलाय. गॅदरिंगला तुझ्यावरून त्या पोराचं नाक मी फोडलं, बदनामी तुझी झाली आणि तुझ्या वडलांनी तुला पुण्याला नर्सिंगला धाडलं. हे मी विसरलेलो नाही. तुझ्याविना कॉलेजात जीव लागेना म्हणून मीही सोडलं. लोक म्हणतात काढून टाकला. काय म्हणायचं ते म्हणू देत.

प्रदीप


बेलपाडा, १० मार्च

किशोरी,

काल मॅच सुभाषच्या घरी बघितली. आपण जिंकलो, गाव नाचलं, पण आमच्या आळीच्या तोंडाशी येऊन सगळे गप्प झाले, शाळेतल्या पोरांसारखे. सुनी दारात येऊन मला खुणेने विचारत होती, कोण जिंकलं? मी खुणेनेच सांगितलं. बापसाने मागून तिच्या डोक्यावर टपली मारली आणि तीही खुणेनेच आत गेली.

तुला एक सांगायचं होतं. अष्टमी बारा तारखेला येते. मंगळवारी. त्या दिवशी सुनीचा फिजिक्सचा पेपर आहे.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते दिवस ठरून गेल्यावर, दुसऱ्या सकाळी बापूस वेळापत्रक म्हणत होता तेव्हा. तारखा रोज कानावर पडतात, पण त्या भिंतीकडे मी बघत नाही. मी सुभाषकडे गेलो. तो म्हणाला, तारीख आता चार गावांत गेली, बदलली तर पोलिसांना वास लागेल. परीक्षेच्या पोरांना सोडू, अँब्युलन्सला सोडतो तसं. मी म्हणालो, सुनीला मी स्वतः नेतो. त्याची मोटारसायकल मी मागून ठेवली आहे. नऊ वाजता घरी जाईन, तिला मागे बसवेन, पोरं रस्ता देतील, अर्ध्या तासात पनवेल. बसपेक्षा लवकर.

घरी सांगितलेलं नाही. बापसाला सांगायचं म्हणजे आधी त्याच्यासमोर उभं राहायचं, आणि तो पहिलं हेच विचारणार की हा दिवस कुणी काढला. पेपर बुडायचा प्रश्नच नाही. तू काळजी करू नकोस. हे तुला का लिहितोय कळत नाही, तू काळजी करतेस की नाही हेही मला माहीत नाही.

खाडी आज अगदी सपाट दिसते. वारा पडलाय.

प्रदीप


बेलपाडा, १२ मार्च, संध्याकाळ

किशोरी,

सुनीने पेपर दिला. हे आधी वाच.

आम्ही आठला रस्त्यावर बसलो. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. पोलीस आले, नीट बोलत होते. तेवढ्यात एक ट्रक थांबेना, ड्रायव्हर आईवरून बोलला. कुणीतरी दगड मारला. काच फुटली. मग लाठ्या, मग चारी बाजूंनी दगड. कुणाला सोडायचं, कुणाला नाही, हे बघायला तिथे कुणी राहिलं नाही. मोटारसायकल कुठे पडली ते माहीत नाही. मी शेतातून पळत घरी गेलो तर आई एकटी उंबऱ्यात.

"गेली ती. बा होडीतशी घेऊन गेला."

"मी येनार होतो ना."

"तू कवा सांगलंस?"

खाडी ओलांडून पलीकडे कामोठ्याच्या अंगाला उतरायचं आणि तिथून रिक्षा धरायची, असा त्याचा बेत. एरवी चुकीचा नव्हता. पण आज भांग. जे थोडं चढलं होतं ते पहाटेच उतरायला लागलेलं. मी बांधावर पोचलो तेव्हा होडी मध्येच चिखलात बसली होती, वाकडी. बापूस मांडीपर्यंत रुतलेला, सुनी त्याच्या पाठुंगळीला. हॉलतिकिटाची प्लास्टिकची पिशवी तिने दातांत धरलेली. तो एक पाय उपसायचा, थांबायचा, मग दुसरा. अठरा वर्षांची पोरगी पाठीवर घेऊन. मी हाक मारली नाही. मारली असती तर त्याने वळून बघितलं असतं, आणि त्या चिखलात वळलेला माणूस खाली जातो.

पलीकडे चढले. ती धावत सुटली, तो मागून. वीस मिनिटं उशीर झाला. सेंटरवरच्या एका बाईंनी तिला नळावर पाय धुवायला लावून आत घेतलं. पेपर बरा गेला म्हणते, शेवटचं एक गणित राहिलं.

तो संध्याकाळी होडी घेऊन परत आला. चिखलात कालवांच्या शिंपल्या असतात, ब्लेडसारख्या. एक टाचेत घुसली आहे, खोल. आईने हळद-चुना भरून फडकं बांधलं. सुनी म्हणाली, "बा, डाक्टरला दाखव." तर म्हणाला, "खाडीत पाय कापला म्हनून कोली डाक्टरकडं गेला तर गाव हसेल. तू केमिस्ट्री कर."

मला अजून एक शब्द बोललेला नाही.

प्रदीप


बेलपाडा, १६ मार्च

किशोरी,

केमिस्ट्री काल झाली. सगळं सोडवलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं.

बापूस लंगडत गेला आणि लंगडत आला. टाच वरून भरून आली आहे. पण आज सकाळपासून मान आखडली म्हणतो. भाकर चावत नाही, दुधात कुस्करून गिळतो. दाढ दुखते म्हणे. मी न राहवून समोर गेलो. म्हणालो, चल, पनवेलला दाखवू. त्याने माझ्याकडे बघितलं. वर्षभराने बोलला.

"अठराला गणित हाय. मंग जाव."

मी हात धरून ओढायला हवं होतं. एरवी मी कुणाच्याही अंगावर जातो, आणि इथे त्याच्यासमोर हात उचलला नाही. तुला हेच हवं होतं ना?

तुझ्यापासून दोन गोष्टी लपवल्या. अष्टमी मी सुचवली होती. सगळ्यांनी पाठ थोपटली तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी हे जाऊन किशोरीला सांगावं. आणि ट्रकवर दगड मारणारा कुणीतरी नव्हता. माझा हात उठला तेव्हा सुनी माझ्या डोक्यात नव्हती. तो ड्रायव्हर होता, गोमाकाका होता, खरं तर तूही होतीस. ती नव्हती.

तिला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं दादूस तिला न्यायला येत होता आणि पोलिसांनी अडवला. कालच मला म्हणाली, "दादूस, तुला लागलं नाय ना?"

प्रदीप


बेलपाडा, १९ मार्च

किशोरी,

तुझं पत्र काल दुपारी आलं. बारा वाजता पोस्टमनने हातात दिलं. चौदा महिन्यांत तुझं पहिलं अक्षर. दोनच ओळी. मी आधी त्यात माझं नाव शोधलं. नव्हतं. मग मजकूर वाचला. खाडीच्या चिखलातली जखम आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का, नसेल तर वाचल्या वाचल्या घेऊन जा.

मी रिक्षाने सेंटरवर गेलो. तो झाडाखाली ताठ बसला होता. दात एकमेकांवर बसलेले, ओठ ओढलेले, बघणाऱ्याला वाटावं हसतोय. बाजूचा एक बाप मला म्हणाला, "तुमचे वडील कुणाशी बोलत नाहीत वाटतं." मी उचलायला गेलो तर झाडाचं मूळ धरून बसला. पेपर सुटेपर्यंत हलला नाही. काय करणार होतो मी? सगळ्यांसमोर बापाशी झटापट?

दोनला सुनी आली. गणित अवघड होतं, रडवेली झाली होती. तिला बघून तो मिटल्या दातांतून म्हणाला, "उरनला जातंव. मामाकडं. होडीचं काम हाय." शब्द नीट फुटत नव्हते. तिला वाटलं पेपर वाईट गेला म्हणून बा चिडलाय. मान खाली घालून ती पोरींबरोबर बसने घरी गेली.

मग मी बापसाला पनवेलच्या डॉक्टरकडे नेलं, त्याने जबडा बघितला आणि थेट मुंबईला पाठवलं. तिथे त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलंय. उजेड नको, आवाज नको. भांडं पडलं तरी सगळं अंग धनुष्यासारखं होतं. काचेतून मी बघितलं. नर्स म्हणाली, जखम झाली तेव्हाच आणायला हवं होतं. तुझ्याच वयाची होती.

पहाटे परत आलो. आईला सगळं सांगितलं, पडवीत, हळू. तिने मासळीची टोपली कोपऱ्यात सरकवली. मग म्हणाली, "बावीसला शेवटचा ना?"

"हो."

"मंग तोवर तो उरनला हाय. गावात सांग."

मी सांगितलं. घराघरांत गेलो. कुणी वाद घातला नाही. उद्या पाडवा आहे. आईने गुढीसाठी काठी धुऊन ठेवलीय, नवीन खण काढलाय.

तू लिहिलंस त्याबद्दल काय म्हणू? ते आलं याचा मला आनंद झाला होता, एक मिनिटभर. ते तुला कळलेलं बरं.

प्रदीप


पनवेल, २२ मार्च, सेंटरसमोर

किशोरी,

सुनी आत आहे. साडेअकरा झाले असतील.

सकाळी सहाला सुभाषच्या भावाच्या दुकानात फोन आला. बापूस पहाटे गेला.

मी घरी पोचायच्या आधी बातमी आळीत पोचली होती. आमच्या बायका कशा रडतात तू ऐकलं नसशील. दोन गावांपलीकडे जातं ते. मालूआत्या पुढे असते, ती गेलेल्याचं एकेक सांगत हंबरडा फोडते आणि बाकीच्या धरतात. ती पदर सावरत आमच्या दारापर्यंत आली होती, तोंड उघडलं होतं. आई आडवी गेली. तिच्या तोंडावर हात ठेवला. बाकीच्यांकडे बघून म्हणाली, "दोन वाजेपर्यंत कोनी रडायचं नाय."

कुणी रडलं नाही. मालूआत्या पदराचा बोळा तोंडात धरून मागच्या दारी जाऊन बसली.

आईने आंघोळ केली. कुंकू लावलं, रोजच्यापेक्षा मोठं. हिरव्या बांगड्या भरलेल्या हातांनी सुनीच्या तळव्यावर दही-साखर ठेवली. सुनीने विचारलं, "बा कवा येनार?" आई म्हणाली, "पेनांत शाई बघ." आळीतून जाताना सुनी मला म्हणाली, "आज कोनाचंच भांडन नाय रे?" दारादारांत बायका उभ्या होत्या, हसल्यासारखं तोंड करून. एकीने तिच्या गालावरून हात फिरवला आणि घाईने आत गेली.

गावातले बाप्ये टेम्पो घेऊन मुंबईला गेलेत. तीन-साडेतीनपर्यंत त्याला घेऊन येतील. त्याआधी मी सुनीला घरी न्यायची. आई म्हणाली, "वाटंत काय बोलू नको. मी सांगन." बा गेला हे आईच सांगेल. पण अष्टमी आणि दगड आईलाही माहीत नाहीत. ते मलाच सांगायचंय, आणि आजच. उद्या सगळे मला मोठा मुलगा म्हणून पुढे बसवतील, डोकं भादरतील, सुनी माझ्या गळ्यात पडेल. एकदा ती माझ्या गळ्यात पडून रडली की मग मी कधीच सांगणार नाही. स्वतःला मी तेवढा ओळखतो. सांगितल्यावर ती माझ्याशी बोलली नाही तर घरात बोलणारं कुणी उरत नाही. तरी सांगणार. मिटलेल्या दातांचं कारण राग नव्हता, हेही तिला कळायला हवं. तिला अजून वाटतंय तो गणितावर चिडून गेला.

तुला काही मागत नाही. येऊही नकोस. आलीस तर मी तुझ्याकडे बघत राहीन, आणि आज ते बरं नाही.

बाकी आईबाप गप्पा मारतायत. एक जण मला विचारून गेला, "ते तुमचे वडील आज नाही आले?" मी म्हणालो, उरणला गेलेत.

घंटा झाली.

आता सव्वादोन वाजलेत. आम्ही स्टँडवर आहोत, बसला वेळ आहे. ती पोरींच्या घोळक्यातून हसत आली. झाडाकडे बघितलं, मग मला बघितलं. मी काही बोलायच्या आत प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली. मी म्हणालो, पहिला प्रश्न कसा गेला? ती सांगायला लागली. एकेक प्रश्न, एकेक आकृती, कुठे किती मार्क. मी मध्ये तोडलं नाही. उसाचा रस घेऊन दिला. आता बावीस दिवसांनी पहिल्यांदा पाय पसरून बाकावर बसलीय आणि विचारतेय, कोणाला लिहितोस? मी सांगितलं. म्हणते, मला दे, खाली मी लिहिते. वरचं वाचू नकोस म्हणून मी कागद दुमडून धरलाय.

प्रदीप

किशोरीताई, सुटले एकदाची. बायो मस्त गेला, हृदयाची आकृती आली होती, तू शिकवलेली तश्शीच काढली. दादूस आज एकदम शहाण्यासारखा वागतोय, तूच काहीतरी लिहिलंस वाटतं. बा उरणहून आला की त्याला घेऊन पुण्याला येणार आहे, तुझं हॉस्पिटल बघायला. त्याने आजवर एकही आतून बघितलेलं नाही. बस आली. तुझी सुनीता.